परवाना आधी, पोहणे नंतर

ॲरिझोनाच्या रखरखीत मुलखात फॉसिल क्रीकचे निळेशार पाणी पाहिले की गर्दी का होते, हे सांगावे लागत नाही. इथले झरे मिनिटाला सुमारे ७५ हजार लिटर पाणी ओततात. जवळपास शतकभर ते वीजनिर्मितीसाठी वळवले गेले होते. २००५ मध्ये प्रवाह पुन्हा मोकळा झाला. ओढा सजीव झाला, आणि मागोमाग गाड्यांच्या रांगा, कचरा व उन्हाने कोसळलेल्यांच्या सुटकेच्या मोहिमाही आल्या.

म्हणून २०१६ पासून १ एप्रिल ते १ ऑक्टोबर या काळात परवाना सक्तीचा आहे. तो आगाऊ ऑनलाइन काढावा लागतो आणि ठरावीक तारखेला, ठरावीक वाहनतळापुरताच चालतो. जागेवर तो मिळत नाही.

काहींना ही अडवणूक वाटते. सार्वजनिक जमिनीवर जायला परवानगी कशाला? पण वाहनतळाची मर्यादा हीच इथे माणसांची मर्यादा आहे. साताऱ्याच्या कास पठारावरही फुलांच्या हंगामात नोंदणी लागते, ती याच कारणाने.

परवाना मिळाला म्हणजे तयारी संपली नाही. रस्ता कच्चा आणि खडबडीत, मोबाइलला रेंज नाही, पिण्याच्या पाण्याची सोय नाही. काचेच्या बाटल्यांना बंदी आहे.

तेव्हा जाणाऱ्यांनी परवान्याची प्रत, भरपूर पाणी आणि कचऱ्याची पिशवी सोबत घ्यावी. परवाना नसेल, तर दुसरी तारीख शोधावी.