शवविच्छेदन : भीती नको, माहिती हवी

आमचं अणदूर सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. अपघात आम्हाला नवे नाहीत, पावसाळ्यात रानातला सर्पदंशही नाही. घरातलं माणूस असं अचानक गेलं, की बायाबापड्यांच्या तोंडी एकच येतं, 'आता चिरफाड कशाला? गेलेला जीव परत येणार आहे का?' आणि मग दबक्या आवाजात, 'पोस्टमार्टेमला पैसे किती पडतील?'

मैत्रिणींनो, आधी पैशाचंच सांगते. पोलिसांनी पंचनामा करून सरकारी दवाखान्यात पाठवलेल्या मृतदेहाच्या शवविच्छेदनाला नातेवाइकांकडून फी घेतली जात नाही. खर्च होतो तो गाडीभाड्याचा, कापडाचा. कुणी 'चहापाण्याचे' मागितले, तर ती लाच आहे. तिची तक्रार १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करता येते.

अपघात, आत्महत्या, विषबाधा किंवा संशयास्पद मृत्यू असेल, तर पोलिसांना घरच्यांच्या संमतीची गरज नसते. आजाराचं कारण शोधण्यासाठी दवाखाना शवविच्छेदन करतो, तेव्हा मात्र संमती लागते. तपासणीनंतर देह शिवून घरच्यांच्या ताब्यात देतात.

आता 'कशाला?' याचं उत्तर. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून घेणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही तेवढीच मदत आहे आणि सर्पदंश त्यात धरला जातो. पण साप चावून गेलेल्या माणसाला परस्पर अग्नी दिला, की पंचनामाही नाही आणि अहवालही नाही. मग मागे राहिलेल्या बाईनं मृत्यूचं कारण सिद्ध कशानं करायचं? दुःखाच्या घाईत तिचा आधारच जळून जातो.

दुसरी गोष्ट लेकीबाळींची. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेनं आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते. १९८३ साली हुंडाबळींच्या काळात कायद्यात ही तरतूद आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ आणि १९६ मध्येही ती कायम आहे. या सात वर्षांत तिच्या कुठल्याही नातेवाइकाला शवविच्छेदनाची मागणी करता येते. म्हणून सासरची मंडळी 'लवकर उरकून घेऊ' म्हणत असतील, तर माहेरच्यांनी गप्प बसू नये, आधी पोलीस ठाणं गाठावं.

अहवालाची प्रत पोलिसांकडून मागून घ्या. 'व्हिसेरा राखून ठेवला' असं लिहिलेलं असेल, तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की शरीरातले काही भाग रासायनिक तपासणीला गेलेत आणि शेवटचं मत त्यानंतर मिळेल. त्याला महिनेही लागू शकतात, पाठपुरावा सोडू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा.

हे सगळं त्या वेळी सुचत नाही. म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत पाच मिनिटं या विषयाला द्या. विषय अशुभ वाटेल, पण उद्या एखाद्या घरातल्या बाईला त्याचाच आधार होईल.