जोयवर हरलो

मागच्या ९ नोव्हेंबरला मी बैतबाजीत हरलो. माझ्या विद्यार्थ्यांसमोर, माझ्याच विषयात आणि ज्यांचं शिक्षण सातवीपुढे गेलं नाही अशा माणसाकडून. मी बी.एड. झालेला, वाशिम जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवणारा मास्तर. हरल्याचं दुःख दोन-तीन दिवसांत ओसरलं. पण त्यानंतर शिक्षकांच्या खोलीत जी चर्चा झाली, तिच्यामुळे हे लिहायला बसलो.

ज्यांना बैतबाजी माहीत नाही त्यांनी गाण्यांच्या भेंड्या आठवाव्यात. एकाने शेर म्हणायचा. तो ज्या अक्षरावर संपेल, त्या अक्षराने सुरू होणारा शेर समोरच्याने म्हणायचा. शेर वजनात हवा, म्हणजे वृत्तात कुठे लंगडता कामा नये. एकदा येऊन गेलेला शेर पुन्हा चालत नाही. आमच्याकडे उत्तराला अर्धा मिनिट मिळतो. भेंड्यांमध्ये आणि बैतबाजीमध्ये एक मोठा फरक आहे. भेंड्यांचा निकाल कान देतो, बैतबाजीचा निकाल लिपी देते. शेर कोणत्या आवाजावर संपला याला महत्त्व नाही, उर्दूत लिहिताना कोणत्या अक्षरावर संपतो ते पाहतात.

९ नोव्हेंबर हा अल्लामा इक्बाल यांचा जन्मदिवस. तो उर्दू दिवस म्हणून साजरा होतो. आधी मुलांची फेरी झाली, मग मोठ्यांची. आठ जण बसलो होतो. एकेक करत सहा जण उठले आणि समोरासमोर राहिलो मी आणि चाचा.

चाचांचं वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी ते कातिब होते. उर्दू छपाईसाठी मजकूर हाताने लिहिणारा तो कातिब. लग्नपत्रिका, मुशायऱ्याचे फलक, दुकानांच्या पाट्या, सगळं बोरूने नाहीतर ब्रशने लिहायचे. १९८१ मध्ये नूरी नस्तालिक हा संगणकाचा टाईप आला, १९९४ मध्ये इनपेज आलं आणि थोड्याच वर्षांत आपल्याकडच्या कातिबांच्या हाताला काम उरलं नाही. चाचा मग फक्त पाट्या रंगवू लागले, मराठीतही आणि उर्दूतही.

सामना पाऊण तास चालला. पहिली वीस मिनिटं मला वाटत होतं की मी जिंकतोय. चाचा सारखे 'ये'वर संपणारे शेर देत होते. उर्दू गझलेत हे अक्षर सगळ्यात स्वस्त. है, थे, की, से असे कितीतरी शब्द 'ये'वरच संपतात, त्यामुळे बैतबाजी खेळणारा प्रत्येक जण आधी 'ये'चा साठा करतो. माझ्याकडे साठ-सत्तर तरी शेर होते. मी आनंदाने एकेक काढत होतो आणि ते माझी थैली रिकामी करत होते, हे मला कळलंच नाही. मी दोनदा 'टे'वर संपणारा शेर टाकला. 'टे'ने सुरू होणारे शेर फार थोडे. दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि वेळ संपायच्या आत उत्तर दिलं. मुलं टाळ्या वाजवू लागली. माझीच मुलं, त्यांच्यासाठी.

मग चाचांनी 'जोय' काढला. एक शेर 'वाइज' या शब्दावर संपला. वाइज म्हणजे धर्मोपदेशक, उर्दू कवींचा आवडता गिऱ्हाईक. त्याचं शेवटचं अक्षर जोय. मी 'जालिम'ने सुरू होणारा शेर दिला. पाच-सात शेरांनंतर पुन्हा जोय, या वेळी 'लफ्ज'वर. मी 'जाहिर'चा शेर दिला. तिसऱ्यांदा त्यांचा शेर 'लिहाज'वर संपला. घड्याळ चालू होतं. कानात एक सुंदर शेर घुमला आणि मी तो म्हणून मोकळा झालो. तो 'जिक्र' या शब्दाने सुरू होत होता.

परीक्षकांनी मान डोलावली. टाळ्या पडल्या. चाचा काही क्षण गप्प राहिले, मग हळूच म्हणाले, "मास्टर, जरा तख्ते पे लिख के बताव."

मी उठलो, खडू घेतला. पहिलंच अक्षर काढलं आणि हात थांबला. जिक्र जोयने सुरू होत नाही. तो जालने सुरू होतो. पंधरा-वीस वर्षं हा शब्द मी फळ्यावर लिहितोय. हाताला बरोबर माहीत होतं, मला त्या क्षणी नव्हतं. परीक्षकांना काही सांगावं लागलं नाही. मी खडू ठेवला आणि चाचांचा हात हातात घेतला.

मराठी वाचकांसाठी थोडं सांगतो. उर्दूत 'ज़' हा एक आवाज लिहायला प्रामुख्याने चार अक्षरं आहेत: जाल, जे, ज्वाद आणि जोय. अरबीत यांचे उच्चार वेगवेगळे आहेत. कुरआन शिकताना उस्ताद मुलाला फातिहाच्या शेवटच्या आयतीतला ज्वाद पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात, ते यासाठीच. उर्दूत येता येता चौघांचा आवाज एक झाला, पण लिहिण्यात चौघं वेगळेच राहिले. मराठीत नेमकं उलट आहे. 'जीव'मधला ज आणि 'जागा'मधला ज कानाला वेगळे लागतात, पण लिहायला अक्षर एकच. एका भाषेत एका आवाजाला चार घरं, दुसरीत दोन आवाजांना एक घर.

हे चौघं फक्त उर्दूचे आहेत असंही नाही. मराठीत ते तीनशे-चारशे वर्षांपासून राहतात, आपण फक्त ओळखत नाही. जमीन आणि बाजार यांत जे आहे. अर्ज, जप्ती, जामीन, मर्जी यांत ज्वाद आहे. जुलूम आणि जाहीर यांत जोय आहे. आपण मराठीत 'नजर' म्हणतो तिच्यात जोय आहे आणि 'नजराणा' म्हणतो त्यात जाल आहे. एका शब्दाचा अर्थ पाहणं, दुसऱ्याचा भेट देणं. देवनागरीत दोघे सख्खे भाऊ वाटतात, उर्दूत लिहिले की कळतं की त्यांची घराणीच वेगळी. माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश काढला, त्यामागे शब्दाचं घराणं शोधण्याचीच ओढ होती.

आता मूळ मुद्दा. मी का चुकलो? घाईमुळे, असं मी घरी सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. गेली काही वर्षं मी शेर मोबाइलवर वाचतो, आणि बहुतेक वेळा देवनागरीत, कारण ते पटकन वाचून होतं. आवडला की पुढे पाठवतो, तोही देवनागरीतच. कधी रोमनमध्ये सुद्धा. शेर पाठ होतो, आवाज पक्का बसतो, पण अक्षर नजरेखालून जातच नाही. चाचांनी त्यांचे शेर कधीतरी हाताने लिहिलेले होते. त्यांच्या डोक्यात शेराला चेहरा होता, माझ्याकडे फक्त आवाज होता. हरलो तो इथे.

दोन दिवसांनी शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्यांनी सुचवलं की पुढच्या वर्षीपासून नियम सोपा करू. चारही अक्षरं एकच धरायची, आवाज जुळला की शेर चालेल. मुलंही मोबाइलवर देवनागरीतच वाचतात, त्यांना जाल-जोयच्या भानगडीत कशाला अडकवायचं? नियम सोपा केला तर जास्त मुलं भाग घेतील. "आणि सर, त्या नियमाने तुम्ही हरला नसता," असंही ते हसून म्हणाले.

त्यांचं म्हणणं वाईट हेतूचं नाही. त्यात तथ्यही आहे. देवनागरीने उर्दूचं नुकसान केलं असं मी म्हणणार नाही. उर्दू लिपी न येणाऱ्या हजारो मराठी माणसांपर्यंत मीर आणि गालिब देवनागरीतूनच पोहोचले. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी मराठी गझल घराघरात नेली, ती याच लिपीत. लिपीवरून भांडणं लावणाऱ्यांमध्ये मला बसायचं नाही. मी स्वतः हा लेख देवनागरीत लिहितोय.

तरीही मी त्या सूचनेला विरोध केला, आणि इथेही करतो.

सवलत कुठे द्यायची हे खेळाला माहीत असतं. भेंड्यांमध्ये ळ आला तर आपण ल घेतो, ण आला तर न घेतो, कारण ळ किंवा ण पासून सुरू होणारा शब्दच मराठीत नाही. बैतबाजीतही 'ड़े' आला तर आमच्याकडे 'रे' घेतात, कारण त्या अक्षराने उर्दू शब्द सुरू होत नाही. जिथे भाषेकडेच काही नाही, तिथे सवलत योग्य. पण जोयने सुरू होणारे शेर आहेत. थोडे आहेत, पण आहेत. ते मला आठवले नाहीत हा माझा दोष, अक्षराचा नाही. आपल्या आळसासाठी अक्षर कमी करायचं, ही सवलत नव्हे.

दुसरं कारण माझ्या मराठीच्या तासातलं आहे. आमची मुलं 'शाळा'ला 'शाला' लिहितात, 'पाणी'ला 'पानी'. उर्दूत ळ नाही, ण जवळजवळ नाही, म्हणून हे होतं. मी वर्षानुवर्षं त्यावर लाल खूण करत आलोय. मुलांना सांगतो, बाळांनो, उद्या तुम्ही नोकरीच्या परीक्षेला बसाल, मराठीत अर्ज कराल, तिथे ळ चुकला तर लोक तुमच्या ज्ञानावर शंका घेतील. बैतबाजीनंतरच्या तासाला आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, आम्ही ळचा ल केला तर लाल खूण. तुम्ही जोयचा जाल केला, त्याला काय?" वर्ग हसला. मीही हसलो. पण तिचा प्रश्न विनोदाचा नव्हता. मराठीचं अक्षर काटेकोर पाळा आणि उर्दूचं चालवून घ्या, असं मी शिकवलं, तर मुलं त्यातून काय शिकतील? एवढंच की आपल्या घरच्या भाषेला नियम लागत नाहीत, ती कशीही चालते. असं मूल मराठीतही फार दिवस ळ सांभाळत नाही. ज्याला एका भाषेत अक्षराची किंमत कळते, त्यालाच दुसरीत कळते.

तिसरं कारण चाचांचं आहे. त्यांचं कसब संगणकाने घेतलं, त्यावर कुणाचा इलाज नव्हता. पण अजून एक जागा आहे, जिथे त्यांना जे येतं ते आम्हा पदवीधरांना येत नाही. नियम सैल केला तर ती जागाही जाईल. चांगल्या खेळाडूकडून हरण्यात अपमान नसतो. खेळच असा बदलायचा की त्याचं चांगलं असणं दिसूच नये, यात मात्र आहे.

माझी सूचना साधी आहे. दोन फेऱ्या ठेवा. एक आवाजाची, सगळ्यांसाठी खुली. तिच्यात शेजारच्या मराठी शाळेतली मुलंही येऊ देत, त्यांच्या गझला घेऊन. दुसरी अक्षराची, जुन्या नियमाने, आणि शंका आली की फळ्यावर लिहून दाखवायचं. जो हरेल त्याने तो शब्द दहा वेळा लिहायचा. सुरुवात माझ्यापासून झाली आहे.

हल्ली शुक्रवारी असरनंतर मी चाचांकडे बसतो. ते म्हणतात, शेर पाठ कर, पण एकदा तरी हाताने लिही. बोलता बोलता एकदा त्यांनी सांगितलं की १ जुलै १९९८ ला वाशिम अकोल्यापासून वेगळा झाला, तेव्हा त्यांना महिनाभर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. गावोगावच्या दुकानांच्या पाट्यांवरचं 'जिल्हा अकोला' खोडून 'जिल्हा वाशिम' लिहायचं होतं. उर्दू पाट्यांवर गावाचं नाव तेवढं बदललं, पुढचा शब्द तोच राहिला. मी विचारलं, "चाचा, जिला कशाने?"

"तुम बताव मास्टर," ते म्हणाले.

मी खिशातून पेन काढलं आणि तळहातावर ज्वाद लिहिला.