जात ही आपण रचलेली कहाणी नाही

गेल्या वर्षी चेन्नईतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मी तीन दिवस बसले होते. 'आयुष्य बदलून देणारे' शिबिर होते. एका सीनियरने गळ घातली होती. पीएचडीचे काम अडल्याने मीही खचले होते. फेलोशिपमधून साठवलेले पैसे भरले. सकाळी नऊ ते रात्री दहा. मध्येच उठले की स्वयंसेवक दारात विचारायचा, "कशापासून पळताय?"

दुसऱ्या दिवशी मी माईकवर सांगितले, की जात कळल्यावर माझ्या एका प्राध्यापकांनी माझ्याशी बोलणे तोडले. प्रशिक्षक म्हणाले, "घडले ते एवढेच, की एक माणूस बोलला नाही. बाकीची कहाणी तुम्ही रचली." हॉलभर टाळ्या. त्या टाळ्यांत मलाही क्षणभर हलके वाटले. हे कबूल करते, कारण धोका तिथेच आहे. त्याच संध्याकाळी ओळखीच्या तिघांची नावे मागितली गेली. मी गावाकडच्या मैत्रिणीचे नाव दिले. तिने उसने काढून फी भरली. ती सल अजून आहे.

हा साचा जुना आहे. १९७१ साली वर्नर एरहार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'एस्ट' ही शिबिरे सुरू केली. त्याच वर्षी यालोम आणि लिबरमन या संशोधकांनी विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या 'एन्काउंटर' गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गट पूर्ण करणाऱ्या १७० पैकी १६ जणांना टिकून राहणारी मानसिक इजा झाली होती. धोका सर्वाधिक होता तो आक्रमक आणि भारून टाकणाऱ्या नेत्यांच्या गटांत. आणि सर्वाधिक इजा कोणाला? ज्यांचे स्वतःविषयीचे मत खालावलेले आणि बदलाची आशा अवास्तव मोठी, त्यांना. इंग्रजीच्या धाकाने वर्गात गप्प बसणारी, अख्ख्या घराची आशा पाठीवर वाहणारी आपली मुले-मुली या वर्णनात सहज बसतात.

स्वतःला घडवणे आपल्याला परके नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडायला सांगितले. पण त्याच परिषदेत मनुस्मृतीही जाळली गेली. इथून जवळच चेंगलपट्टूला १९२९ साली पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीची परिषद भरली. तिने जातिदर्शक उपाध्या टाकून देण्याचे आवाहन केले. दोन्हीकडे माणसाने स्वतःला बदलायचे होते, ते व्यवस्थेशी लढण्यासाठी. शिबिरात मात्र व्यवस्थाच गायब होते, उरतो फक्त तुमचा दोष.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा. समोरचा प्रशिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का? मध्येच निघालो तर फी परत मिळेल, हे लेखी देता का? माणसे आणण्याची सक्ती आहे का? उत्तर टाळले, तर तेच उत्तर समजा. 'आजच भरा' म्हटले, तर उद्यावर टाका. मन खरेच थकले असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.

मैत्रिणीची मी माफी मागितली. तिचे पैसे हप्त्याहप्त्याने परत करते आहे. शिबिरात पुढच्या टप्प्याची फी भरण्याला 'जबाबदारी घेणे' म्हणत. मला ही जबाबदारी अधिक खरी वाटते.