डब्यातलं उपनगर

दुधाच्या पावडरचा पत्र्याचा डबा, कोल्ड्रिंकच्या कॅनचा कापलेला तुकडा, शिवणाची सुई आणि काळी इलेक्ट्रिक टेप. पिनहोल कॅमेऱ्याला एवढं सामान पुरतं. भिंग लागत नाही. सहावीच्या विज्ञानात ‘सूचिछिद्र प्रतिमाग्राहक’ बहुतेकांनी केलेला असतो. मेणबत्तीची ज्योत उलटी दिसली की वही मिटते. खरं तर तिथून पुढे एकच पायरी उरते: पडद्याच्या जागी फोटोचा कागद.

सगळी मेख भोकात आहे. ते मोठं झालं तर चित्र धूसर येतं. फार बारीक झालं तरी धूसरच, कारण कडांवरून प्रकाश पसरतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलीच्या गणितानुसार भोक आणि कागद यांत दहा सेंटिमीटर अंतर असेल, तर सुमारे ०.४५ मिलिमीटरचं भोक हवं. दहा नंबरची सुई ०.४६ मिलिमीटर जाड असते, म्हणजे गणित शिवणाच्या डब्यात तयारच आहे. कॅनचा तुकडा सपाट करून सुई हलकेच फिरवत आरपार न्यायची, मागे उठलेली कड पॉलिश पेपरने घासायची आणि पुन्हा सुई फिरवायची. खात्री करायची तर झेरॉक्सवाल्याकडे १२०० डीपीआयला स्कॅन करावं; भोक साधारण एकवीस पिक्सेल भरलं पाहिजे.

कृष्णधवल कागदासाठी फोर्टात, बोरा बाजारच्या आसपास कॅमेऱ्यांच्या दुकानांत चौकशी करावी. डार्करूम म्हणजे अर्थात बाथरूम: झरोक्याला काळा चार्टपेपर, वर लाल झिरोचा दिवा. वेळ रात्रीचीच बरी. सकाळी नळाला पाणी असताना बाथरूम अडवून बसणाऱ्याला उपनगरातलं कुठलंच घर फार दिवस सहन करत नाही. डेव्हलपर नसेल तर इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा चालतो. अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रज्ञान संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९५ साली ही पाककृती जमवली. वास मात्र कॉफीचा येत नाही. फोटो पक्का करायला हायपो लागतोच. हाती येते ती निगेटिव्ह. मोबाइलवर रंग उलटे केले आणि डावं-उजवं फिरवलं की चित्र सुलटं.

कागद मंद असतो, भोक इवलंसं. त्यामुळे भर उन्हातही भोकावरचं टेपचं झाकण अर्धा ते एक मिनिट उघडं ठेवावं लागतं, आणि इथेच उपनगरात गंमत सुरू होते. घाटकोपरच्या मेट्रोबाहेर संध्याकाळी उसळणारी गर्दी एवढ्या वेळात कागदावर उमटतच नाही. उरतात खांब, जिने आणि पाट्या. ही गंमत जुनीच आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. त्या पिढीच्या फोटोंतले रिकामे रस्तेही बऱ्याचदा असेच रिकामे झालेले असत.

म्हणून पहिल्या फोटोसाठी न हलणारं काहीतरी शोधावं. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी उत्तम. साठेक मीटर उंचीचा हा बेसाल्टचा सुळका साडेसहा कोटी वर्षं जागचा हललेला नाही, त्याला आणखी एक मिनिट जड नाही. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांचे खांबही तसेच, फक्त आतल्या अंधारात वेळ कितीतरी वाढतो. स्टेशनात मात्र हा खेळ नको. बेवारस वस्तूंच्या घोषणा ऐकत वाढलेल्या या शहरात काळ्या टेपने गुंडाळलेला डबा कुठे ठेवून बाजूला होणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

घरच्या खिडकीच्या ग्रिलला मात्र तो महिनोन्महिने बांधता येतो. या प्रकाराला सोलरग्राफी म्हणतात: कागद धुवायचाच नाही, सूर्य रोज आपली वाट त्यावर स्वतः भाजत जातो. ब्रिटनमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेत रेजिना व्हाल्केनबर्ग हिने २०१२मध्ये लावलेला बिअरचा कॅन चक्क आठ वर्षं विसरला गेला. २०२०मध्ये उघडला तेव्हा आत सूर्याच्या २,९५३ कमानी होत्या.

मुंबईत आठ वर्षं सोडा, आठ महिनेही कठीण. पाऊस कागदाचा लगदा करील. २२ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून डबा बांधावा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवावा. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. तिथून कमानी चढत जातात. मेच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो, मग दुपारी उत्तरेला सरकतो. म्हणजे चित्राच्या वरच्या टोकाला कमानी चौकटीबाहेर निघून जाणार. युरोपातल्या फोटोंसारखा पूर्ण पंखा इथे मिळायचा नाही. समोर पुनर्विकासाचा टॉवर चढत असेल, तर खालच्या कमानी मध्येच तुटतील तेही दिसेल.

डबा उतरवल्यावर कागद अंधुक उजेडात काढून लगेच स्कॅन करावा. स्कॅनरचा उजेडही त्याला काळवंडतो, तेव्हा रिझोल्यूशन वगैरे आधीच ठरवून ठेवावं.