‘जीव वाचला ना?’ हे उत्तर नाही

मी पेणला प्रॅक्टिस करतो आणि आठवड्यातून दोन दिवस रोह्याला बसतो. तिथे एक गृहस्थ दर महिन्याला बीपीच्या गोळ्यांसाठी येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय बावन्न, धाटावच्या एमआयडीसीत नोकरी. दोन वर्षांपूर्वी गुदाशयाच्या कॅन्सरसाठी मुंबईत ऑपरेशन झालं. गुदाशय आणि गुदद्वार काढलं, पोटावर डावीकडे शौचाची पिशवी आली. त्यानंतरचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत.

गेल्या पावसाळ्यात एकदा बायको मेडिकलमध्ये गेल्यावर त्यांनी खिशातून एक पुडी काढली. “डॉक्टर, ही घेतली तर चालेल का? बारा हजार दिलेत.” पुडी रस्त्याकडेच्या तंबूत बसणाऱ्या ‘खानदानी’ वैद्याची होती. ऑपरेशनपासून लिंगाला ताठरता येत नव्हती. दोन वर्षं हा माणूस ते एकट्याने सोसत होता आणि दोन वर्षं मी त्याचा बीपी मोजत होतो. मी एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून हा लेख सर्वात आधी माझ्यावर आणि माझ्या व्यवसायबंधूंवर आहे. गुदाशयाच्या ऑपरेशननंतर कामजीवनावर परिणाम होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला नीट माहीत आहे. फक्त पेशंटला ते कुणी सांगत नाही. संमतीपत्रातल्या बारीक अक्षरांत एखादी ओळ असते, तिच्याखाली सही होते आणि आपण कर्तव्य केलं असं समजतो. याला सांगणं म्हणत नाहीत.

नेमकं होतं काय?

आतड्याचं प्रत्येक ऑपरेशन सारखं नसतं. वरचं मोठं आतडं काढलं तर या तक्रारी सहसा येत नाहीत. गुदाशय मात्र ओटीपोटात अगदी खोल, अरुंद जागेत, मूत्राशय आणि प्रोस्टेटच्या मागे असतो. त्याच्या मागून आणि दोन्ही बाजूंनी बारीक नसांचं जाळं जातं. त्यातल्या काही नसा लिंगात रक्त भरून ताठरता आणतात, तर काही वीर्य बाहेर टाकतात. ऑपरेशनमध्ये या नसा ताणल्या जातात, कधी कापाव्या लागतात. रेडिएशनने नसा आणि रक्तवाहिन्या दोन्हींवर परिणाम होतो, तोही कधी कधी उशिरा दिसतो.

म्हणून कुणाला ताठरता कमी येते, कुणाला येतच नाही. कुणाला ताठरता येते, पण वीर्य बाहेर पडत नाही किंवा मागे मूत्राशयात जातं. इच्छा मात्र शाबूत असू शकते. स्पर्शाची जाणीव वेगळ्या नसेतून जाते, त्यामुळे पुरेशी ताठरता नसतानाही सुखाचा अनुभव बऱ्याच जणांना येतो. ‘सगळं संपलं’ असं मानून बसलेल्या माणसाला एवढं कळलं तरी निम्मा धीर येतो.

१९८२ मध्ये इंग्लंडमधले सर्जन बिल हील्ड यांनी गुदाशय त्याच्या भोवतीच्या आवरणासह, नैसर्गिक पदरातून अलगद सोडवून काढण्याची पद्धत मांडली. त्यामुळे कॅन्सर परत उलटण्याचं प्रमाण घटलं आणि नसा वाचवणंही सोपं झालं. म्हणजे प्रश्नही जुना आहे आणि त्यावरचा विचारही.

न बोलण्याची चार कारणं

पहिलं कारण, “जीव वाचला ना, मग?” जीव वाचवायचा तो जगण्यासाठीच. जगण्यात नवरा-बायकोची जवळीक येते की नाही?

दुसरं, “आता या वयात काय?” हे पेशंटने ठरवायचं आहे, डॉक्टरने नाही आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाने तर नाहीच. शिवाय हा आजार फक्त म्हाताऱ्यांचा नाही. तिशी-पस्तिशीतल्या पेशंटलाही तो होतो. मूल हवं असेल तर रेडिएशन आणि केमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवता येतं. आधी सांगितलं नाही, तर ही संधी कायमची जाते.

तिसरं, “पेशंट विचारत नाही.” कसा विचारेल? ओपीडीत मागे वीस जण उभे, सोबत भाऊ, मेहुणा, मुलगा. विचारण्याची जबाबदारी आपली आहे. भूक, झोप, शौच यांच्याच रांगेत, त्याच आवाजात विचारायचं: “आणि नवरा-बायकोचे संबंध?”

चौथं कारण जरा वजनदार आहे: आधी सांगितलं तर पेशंट घाबरून ऑपरेशनच टाळेल. ही भीती खोटी नाही. पण ऑपरेशन टाळलं तर कॅन्सर वाढणार, हेही त्याच बैठकीत सांगता येतं. कॅन्सर नसेपर्यंत पोचला असेल तर नस सोडून द्यावीच लागते. हे आधी ऐकलेला माणूस नंतर डॉक्टरकडे येतो. न ऐकलेला तंबूकडे जातो.

तंबूची किंमत

लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. तरी भिंती रंगतात, कारण गिऱ्हाईक आम्ही पाठवतो. अशा पुड्यांमध्ये अनेकदा सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रामधलंच औषध, न सांगता मिसळलेलं सापडतं. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो.

महाराष्ट्राला हा विषय नवा असायला नको होता. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडायला उभे राहिले. त्यांनी छापून सांगितलं. आपण दार बंद करून, एका माणसाला, हळू आवाजातही सांगत नाही.

बायकोलाही सांगा

पेणच्या एका मूर्तीच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाची बायको एकटीच आली होती. “हे ऑपरेशनपासून ओटीवर झोपतात. माझं काही चुकलं का, डॉक्टर?” त्याला पिशवीची लाज वाटत होती, तिला वाटत होतं तो रागावलाय. दोघांना एकत्र बसवून अर्धा तास बोललो. गोळी नंतर दिली.

कॅन्सर स्पर्शाने किंवा संबंधाने पसरत नाही. जखम भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सर्जनला विचारून संबंध ठेवता येतात. आधी पिशवी रिकामी करावी, हवं तर लहान पिशवी लावावी किंवा वरून कापडी पट्टा बांधावा. पोटावर भार येणार नाही अशी स्थिती घ्यावी. पिशवीच्या तोंडाचा संबंधासाठी कधीही वापर करू नये, त्याला गंभीर इजा होते. आणि जवळीक म्हणजे फक्त संभोग नव्हे. एका अंथरुणावर येणं ही सुरुवात पुरते.

उपचार आहेत

ताणल्या गेलेल्या नसा सावरायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. तोवर वाट पाहत बसू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या, त्यांनी भागलं नाही तर व्हॅक्यूम पंप, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आणि शेवटी इम्प्लांट असे टप्पे आहेत. यासाठी यूरॉलॉजिस्टला भेटा. डायबेटीस, बीपी, तंबाखू आणि उदासी यांचाही यात वाटा असतो, तेही तपासायला हवं. पिशवीबद्दलच्या अडचणींसाठी मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे.

ऑपरेशन ठरलं असेल तर हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

• माझ्या ऑपरेशनमध्ये या नसांना धोका किती?
• त्या वाचवता येतील का?
• रेडिएशन लागणार आहे का? वीर्य आधी साठवू का?
• नंतर त्रास झाला तर कुणाकडे जायचं?

बोलायची लाज वाटली तर कागद नुसता पुढे सरकवा. डॉक्टरने उडवून लावलं तर पुन्हा विचारा. लाज वाटायची असेल तर ती त्याला वाटू दे.

रोह्याच्या त्या गृहस्थांची पुडी मी ठेवून घेतली, हृदय तपासून घेतलं आणि त्यांना यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. पूर्वीसारखं सगळं झालं असं म्हणणार नाही. पण परवा ते बीपीला आले तेव्हा बायकोला बाहेर पाठवलं नाही. आणि त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात आतड्याचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला तो प्रश्न मी आधी विचारतो.