सेकंडहँड गाडीचा रिकॉल जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातो

चिखलीकर वाहनधारकांनो,

ऑगस्ट 2023 मध्ये महिंद्राने 1,08,306 एक्सयूव्ही 700 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांमध्ये बोनेटखालचे वायरिंग घासून कापले जाण्याची शक्यता होती. त्याआधी मे 2021 मध्ये रॉयल एनफिल्डने बुलेट, क्लासिक आणि मिटिऑर मिळून 2,36,966 दुचाकींचे इग्निशन कॉइल तपासायला घेतले; त्या दोषाने गाडी मिसिंग करते आणि क्वचित शॉर्टसर्किटही होऊ शकते, असे कंपनीनेच कळवले. सप्टेंबर 2021 मध्ये मारुतीने 1,81,754 गाड्यांचे मोटर जनरेटर युनिट तपासायचे ठरवले आणि तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, विजेच्या भागांवर पाणी मारू नका, असे बजावले. अशी सूचना कंपनीकडे नोंद असलेल्या मालकाला जाते. चिखलीत जुनी गाडी घेताना पैसे दिले, किल्ली घेतली, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतल्या आणि कागद कपाटात ठेवले, असे सर्रास होते. गाडी इथे फिरते आणि तिच्या धोक्याचा मेसेज पुण्यातल्या किंवा जालन्यातल्या जुन्या मालकाच्या मोबाइलवर पडून राहतो.

‘गाडी तर मस्त चालते’, हे उत्तर इथे लागू पडत नाही. पत्र्याच्या कडेला घासणारी वायर आधी वरचे आवरण गमावते, आणि आतले तांबे उघडे पडेपर्यंत दिवे, हॉर्न, सेल्फ सगळे ठीक चालते. नेहमीचा मिस्त्री कितीही हुशार असला, तरी कोणत्या तारखांदरम्यान बनलेल्या गाडीत कोणता सुटा भाग सदोष बसला, हे कंपनीच्या नोंदीतच असते. रॉयल एनफिल्डच्या अंदाजाने 10 टक्क्यांहून कमी गाड्यांचा भाग बदलावा लागणार होता. मग बाकीच्यांनी हेलपाटा का घालावा, हा प्रश्न रास्त आहे. पण ते 10 टक्के कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटर दूर असेल तर दिवस मोडतो, रोजगार बुडतो, हेही खरे. म्हणून आधी फोनवर चेसिस नंबर सांगून विचारा. नंबर यादीत नसेल तर जायचीच गरज नाही, आणि असेल तर रिकॉलच्या कामाचे पैसे लागत नाहीत.

बाहेरून बसवलेल्या जादा लाइटी, हॉर्न, म्युझिक सिस्टीम यांचाही विचार करा. 2010 मध्ये नॅनो गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा टाटांच्या तपासणीत बाहेरून जोडलेल्या विजेच्या वस्तूंचे कारण पुढे आले. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने विद्युतयंत्रणेसाठी जादा संरक्षण मोफत देऊ केले. कापून जोडलेली वायर असली की दोष कुणाचा, याचा वाद वाढतो आणि त्यात मालकाची बाजू लंगडी पडते. सजावटीचे काम करणाऱ्या दुकानदारांनी फ्यूजशिवाय जोडणी करून देऊ नये, ही त्यांना वेगळी विनंती.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आले आणि 1 एप्रिल 2021 पासून सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकते. चुकणाऱ्या कंपनीला 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ही तरतूद 7 वर्षांच्या आतील वाहनांसाठी आहे आणि विक्रीच्या मानाने किती तक्रारी आल्या, यावर ती हलते. वायर जळाल्याचा वास आला, मिस्त्रीने टेप गुंडाळली आणि विषय संपला, तर ती तक्रार कुठल्याच हिशेबात येत नाही. केंद्राच्या वाहन पोर्टलवर ती नोंदवा.

गाडीचा मालक बदलल्याचे विकणाऱ्याने 14 दिवसांत, घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असे कायदा सांगतो. ज्यांचे राहिले असेल त्यांनी बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात गाडी नावावर करून घ्यावी आणि मोबाइल नंबरही बदलावा. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्यांनी सौदा होण्याआधी चेसिस नंबर कंपनीकडे तपासून गिऱ्हाइकाला तसे लिहून द्यावे. तोवर आरसीवरचा 17 अक्षरी चेसिस नंबर आज रात्रीच काढून ठेवा, सकाळी फोन करायला लागेल.