परसबाग जगवा, पण गावची विहीर राखून



चैत्र सरला की गावोगाव सूचना निघते : सार्वजनिक विहिरीचे पाणी फक्त पिण्याला, गुरे धुवायची नाहीत, झाडांना घालायचे नाही. सूचना दवंडीने येवो की फोनवर, घरच्या बाईला ती जाचक वाटतेच. परसातला दोडक्याचा वेल माना टाकतो, आणि बाजारची भाजी रोज परवडत नाही. तरीही ही बंदी पाळायलाच हवी. का, ते पाहू.

आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. या खडकात पाणी साठते ते फटीत आणि मुरमात, म्हणजे थोडेच. १९७२ च्या दुष्काळात हे सर्वांना कळून चुकले. पुढे रोजगार हमीतून पाझर तलाव आणि नाला बांध झाले. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार आले. सरकारने पाणी अडवले, जिरवले. पण तलावाखाली ज्याने त्याने बोअर पाडले, तर अडवलेले पाणी उसाला जाते आणि पिण्याची विहीर उघडी पडते. म्हणूनच १९९३ च्या भूजल कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हा नियम गावातच केला. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. पाऊस मोजायचा, आधी माणसांचे व गुरांचे पाणी बाजूला काढायचे, उरेल त्यावर पीक ठरवायचे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने तर जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर पाण्याचा वाटा ठरवला. भूमिहीनालाही हक्क दिला.

आता परसबागेचे. भाज्या, तांदूळ धुतलेले पाणी बादलीत साठवा. ते वेलांना चालते. साबणाचे पाणी पालेभाजीवर नको. मोरीचे पाणी केळीच्या खुंटाकडे वळवा. न भाजलेले नव्हे, पण झिरपणारे साधे मातीचे मडके वेलाशेजारी गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, तोंड झाका. पाणी मुळाशी हळूहळू पाझरते. आळ्यात पाचट किंवा पालापाचोळा चार बोटे अंथरा. पाणी संध्याकाळीच घाला. आणि सगळेच जगवण्याचा हट्ट नको. शेवगा, कढीपत्ता आणि दोन वेल राखा. कोथिंबीर, मेथी पावसावर सोडा.

मृगापूर्वी आणखी एक काम उरका. वीस चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे दोनशे लिटर, म्हणजे पिंपभर पाणी मिळते. पन्हाळी दुरुस्त करून पिंप आत्ताच खाली ठेवा. आणि येत्या ग्रामसभेत बायकांनीच विचारावे : गावच्या विहिरीत आज किती परस पाणी आहे, आणि ते पाऊस येईपर्यंत पुरणार का?